शेवग्याच्या बुंध्याशी

मार्गशीर्ष लागला की आमच्या क्वार्टर्सच्या पाठीमागे ऊन उतरतं. पुढची बाजू दिवसभर सावलीत असते, तिथे बसलं की दात वाजतात. म्हणून पुरुष कामावर गेले, पाणी भरून झालं, की आम्ही बायका आपापली मागची दारं उघडून बाहेर येतो. कुणाच्या हातात निवडायची भाजी असते, कुणाच्या हातात लोकरीचं अर्धं झबलं, आणि ज्यांच्या घरी पाळणा हलतो त्यांच्या हातात तेल माखलेलं पोर. तारेच्या कुंपणापलीकडे अजून पिंपरीगावातल्या शेतकऱ्यांची ज्वारी उभी आहे. ती आता कणसात आली आहे, आणि सकाळी पाखरं हाकणाऱ्यांच्या आरोळ्या आमच्या चहापर्यंत ऐकू येतात.

दर वर्षी या उन्हात एखादी नवी आई येऊन बसते. यंदा कुसुम आली. शेजारच्या खोलीतली, साताऱ्याकडची, पहिलटकरीण. माहेरून परत येऊन जेमतेम आठवडा झाला असेल. ठकूबाई दुधाची चरवी खाली ठेवून तिच्याजवळ टेकली. ठकूबाई पिंपरीगावातली, घरच्या म्हशीचं दूध आम्हाला घालते. नवे पैसे आले तरी ती अजून आण्यातच बोलते, आणि बाळंतिणींना काय विचारायचं आणि काय नाही, हा विचार तिला कधी शिवलेला नाही.

"पुरतंय का गं दूध प्वाराला?" तिनं विचारलं.

"भरपूर आहे हो," कुसुम म्हणाली. "सांडतं नुसतं."

तिनं ते फार पटकन सांगितलं, आणि सांगताना ज्वारीकडे पाहिलं. सांडणाऱ्या दुधाचे डाग चोळीवर पडतात, पदर कितीही गुंडाळा, ते दिसतात. कुसुमची चोळी कोरडी होती. तिचं पोर स्वतःची मूठ चोखत होतं. मी हातातल्या मेथीकडे मान घातली, कारण माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. हेच वाक्य मीही याच उन्हात बसून बोलले होते, आणि तेव्हाही मी ज्वारीकडेच पाहिलं होतं.

तेव्हा बंडू वर्षाच्या आतला होता. आता तो बिगरीत जातो आणि पाटी फोडून घरी येतो. तेव्हाच्या या क्वार्टर्स म्हणजे नांगरलेल्या शेतात कुणीतरी आणून ठेवल्यासारख्या खोल्यांच्या रांगा होत्या. औषधाचा कारखाना नुकता कुठे सुरू होत होता. भोंगा झाला की पुरुष निघून जात, आणि मागे आम्ही उरत असू, चिपळूणची मी, तुळजापूरकडची सुशीला, नगरची कंपाउंडरीणबाई. एकीच्याही घरात वडीलधारं माणूस नव्हतं. पोर रडलं तर का रडतंय हे सांगायला सासू नव्हती, आणि सासू नाही याचा आनंद करायलाही कुणाला फुरसत नव्हती.

मग सगळं शिक्षण उन्हात व्हायचं. गुटी किती वळसे उगाळायची, वेखंड घालायचं की नाही, टाळू कधी भरायची. कुणाचं पोर रात्रीचा दिवस करायचं, कुणाचं झोळीतून काढलं की भोकाड पसरायचं. ठकूबाई सांगायची, "आमच्या टायमाला तांदळाच्या दान्याएवडी आफू द्यायची आन् खुरपायला जायाचं. प्वार सांजच्यापातुर हूं न्हाई की चूं न्हाई." आम्ही "अगंबाई" करून तोंडावर हात ठेवायचो. पण बंडू सलग तिसऱ्या रात्री जागला तेव्हा मी तिला हळूच विचारलं होतं, अजून मिळते का हो कुठं. ती म्हणाली, "आता न्हाई मिळत, आन् मिळाली तरी तुला न्हाई द्यायची मी." मला वाईट वाटलं की बरं वाटलं, ते आज सांगता येणार नाही.

सुरुवातीला मला दूध खरोखरच भरपूर होतं. इतकं, की बंडूचं पोट भरून वर पिळून काढावं लागे. अंगावरचं दूध चुलीत जाऊ द्यायचं नाही, पायदळी येऊ द्यायचं नाही, झाडाच्या मुळाशी घालायचं, असं आई सांगायची. क्वार्टर्समागे झाड म्हणून एकच होतं. ह्यांनी आल्याआल्या शेवग्याची एक फांदी जमिनीत खोचली होती, ती जगली होती. त्या काठीएवढ्या शेवग्याच्या बुंध्याशी मी वाटी घेऊन जायची. जायची म्हणजे कशी? सगळ्या बसलेल्या असताना, मधून वाट काढत. घरातल्या घरात मोरीजवळ तुळशीची कुंडी होती, तिच्यात घालता आलं असतं. पण कुंडीत घातलेलं कुणाला दिसणार? "काय बाई नशीबवान," असं कंपाउंडरीणबाई म्हणायच्या, ते ऐकायला मी त्या शेवग्यापर्यंत जायची. मला त्याचा चक्क गर्व झाला होता. जणू काही मी ते दूध परीक्षेत मिळवलं होतं.

आईनं निघताना माझ्या ट्रंकेत एक बोंडलं घातलं होतं. चांदीची छोटी वाटी, तिला एका बाजूला चिमणीच्या चोचीएवढं तोंड, त्यातून तान्ह्या पोराला वरचं दूध पाजतात. मी फणकारून म्हटलं होतं, "मला काय करायचंय हे?" आई म्हणाली, "असू दे गं. लागतं कधी कधी." मी ते पिठाच्या डब्यामागे टाकून ठेवलं.

दिवाळी झाली आणि माझं दूध कमी होऊ लागलं. पोटात दुसरं राहिलं होतं.

आज वाटतं, त्यात काय एवढं? लग्न झालेली बाई, दिवस राहिले. पण तेव्हा मला तोंड दाखवायची चोरी झाली. अजून मांडीवरचं खाली उतरलं नाही आणि हिला लगेच! उन्हात बसलेल्या बायका दुसऱ्या कुणाबद्दल हे बोलल्या होत्या, आणि मीही त्यांच्यात हसले होते. ह्यांना सांगितलं तेव्हा हे नुसतं "बरं" म्हणाले आणि सायकलला पंप मारायला बाहेर गेले. परत येऊन म्हणाले, "दवाखान्यात विचारून येऊ का, बाळाच्या दुधाचं?" मी म्हटलं, "नको! दवाखान्यातल्या कंपाउंडरची बायको माझ्याच शेजारी बसते."

बंडू भुकेजू लागला. तोंड लावायचा, सोडायचा, ओरडायचा, पुन्हा लावायचा. मी दार लावून, आतून कडी घालून, बोंडल्यातून म्हशीचं दूध पाणी घालून पाजू लागले. त्याला ते पचेना, अर्धं उलटून टाकायचा. गुरगुट्या भात दोन घास खाऊन तोंड फिरवायचा. त्याच्या दंडावरच्या वळ्या गेल्या. सकाळी तेल लावताना माझ्या हाताला त्याच्या फासळ्या लागायच्या, आणि मी त्याला तेल लावायला उन्हात नेणं बंद केलं. मला दूध नाही हे एक वाक्य बोलले असते तर कुणीतरी काहीतरी उपाय सांगितला असता. ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना.

उलट मी काय करत होते? मी शेवग्याला वाटी घेऊन जात होते. ठकूबाईच्या दुधात पाणी घालून, वाटीवर पदर धरून, सगळ्यांच्या मधून. घरात पोर भुकेलं, आणि मी झाडाला दूध पाजून येत होते. हे लिहितानाही बोट थांबतं.

ठकूबाई एकदा बंडूकडे बघून म्हणाली, "प्वार लई किरकिर कराय लागलंय. पाठीवर कुनी हाय का गं?"

"छे हो," मी म्हटलं. "दात येतायत."

त्याच सुमाराला सुशीलाला कारखान्यात बोलावणं आलं, बाटल्या धुण्याच्या खात्यात. संक्रांत झाली की कामावर जायचं. तिची शकू बंडूच्याच आगेमागे जन्मलेली. दिवसभर शकूला मी सांभाळावं असं ठरलं, पण त्याआधी तिचं अंगावरचं तोडायला हवं होतं. सुशीलानं कडू काळा बोळ उगाळून छातीला लावून बघितला. शकूनं पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, ओरडली, मग स्वतःच्या मुठीनं तो बोळ पुसून काढला आणि डोळे मिटून प्यायला लागली. आम्ही हसून हसून बेजार झालो.

सुशीला म्हणाली, "आमच्याकडं असं असलं की लेकराला मामाच्या घरी धाडतात ओ ताई. चार दिवसांत इसरतंय. हितं कुठला मामा आणायचा?" मग तिलाच सुचलं. "आपणच मामा होऊ की एकमेकींच्या! माझी तुमच्याकडं, तुमचा माझ्याकडं. तुम्हालाबी तोडायचंच हाय ना बंडूचं?"

मी तिला सांगितलं होतं, की बंडू फार चिकटतो, आता तोडायलाच हवं. खरं कारण तिलाही सांगितलं नव्हतं. मला तर ही युक्ती देवानं पाठवल्यासारखी वाटली. दूध आटलं हे लपेल, तोडलं असं म्हणता येईल. एकमेकींच्या हातावर हात मारून आम्ही ठरवलं, काही झालं तरी पाजायचं नाही.

ठकूबाईनं ऐकलं आणि चरवीवर हात ठेवून खो खो हसली. "दुभत्या म्हशीपाशी दुसरीचं रेडकू बांदायचं, आन् त्याला म्हनायचं पिऊ नगं? लई शान्या हायसा!"

आम्ही तिला वेड्यात काढलं. आम्ही क्वार्टर्समधल्या बायका, आम्हाला कोण शिकवणार!

शकू माझ्याकडे आली. पहिला दिवस आईच्या नावानं रडण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला कुशीत घेऊन आडवी झाले, तर ती झोपेत तोंडानं शोधू लागली. मी बाजूला सरकले, ती मागून आली. शेवटी माझाच जीव राहिना. तिनं तोंड लावलं. ओढलं, थांबली, पुन्हा ओढलं. मग तोंड काढून तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रडली नाही. नुसतं बघितलं, आणि कूस बदलून माझ्याकडे पाठ करून झोपली.

त्या नजरेची मला जी लाज वाटली, ती पुढे मोठ्या माणसांच्याही नजरेची वाटली नाही. माझं गुपित सगळ्यात आधी कळलं ते त्या पोरीला. तिला बोलता येत नव्हतं, हेच काय ते माझं नशीब.

तिकडे बंडू मात्र सुधारत होता. सकाळी मी सुशीलाच्या दारात जाऊन विचारायची, "त्रास दिला का गं?" ती म्हणायची, "न्हाई ओ ताई, लई गुणाचं लेकरू." हे बोलताना ती केर काढत असायची किंवा भांडी आवरत असायची. बंडूच्या गालांना रंग आला. त्याची किरकिर थांबली. मी उन्हात मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बघा, अंगावरचं तोडलं की पोर कसं बाळसं धरतं." मला शंका आली नाही का? आली. ती मी डाळीतल्या खड्यासारखी बाजूला काढून ठेवली. त्याच्या फासळ्या आता हाताला लागत नव्हत्या, पुढचं मला काही ऐकायचं नव्हतं.

संक्रांतीनंतर दोघांचं बोरन्हाण एकत्रच करायचं ठरलं, शेवग्यापाशी, उन्हात. सुशीलानं दोघांना काळी झबली शिवली. कंपाउंडरीणबाईंनी हलव्याचे दागिने केले, बोटांची सालटं निघेपर्यंत. बंडू आणि शकू पाटावर बसले, आणि आम्ही त्यांच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं, हरभरे, उसाचे करवे ओतले. क्वार्टर्समधली सगळी पोरं वेचायला तुटून पडली. शकू रडायला लागली. बंडू इकडेतिकडे बघत राहिला, मग पाटावरून उतरला आणि बोरांतून रांगत निघाला.

मी हात पुढे केले. तो माझ्या गुडघ्याला घासून पुढे गेला. सुशीलापाशी थांबला, तिच्या मांडीवर चढला, पदर बाजूला ओढला आणि तिच्या चोळीची गाठ धरून तोंड लावायला लागला. सवयीचं घर असावं तसा.

 मग ठकूबाईचा आवाज आला. "वळखली बघा रेडकानं म्हस!"

सुशीला पांढरीफटक पडली. सुशीला आमच्या जातीची नव्हती. एकमेकींकडचं पाणी चालत होतं, भाजी चालत होती, पण दुधाचं कुणी कधी बोललं नव्हतं. "ताई, एकदाच," ती म्हणाली. "म्हणजे... लई रडत होता ओ. भुकेनं रडत होता. मला राहवंना." ती त्याचा हात सोडवू बघत होती आणि तो सोडत नव्हता. कंपाउंडरीणबाई म्हणाल्या, "असं कसं गं? वचन दिलं होतंस ना तू? विचारायचं तरी त्याच्या आईला." दोघीतिघींनी माना हलवल्या. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला फारसं काही करावंही लागणार नव्हतं. नुसतं रागावलं की पुरे होतं. मी उठून पोराला ओढून घेतलं असतं, दोन शब्द बोलले असते, तर सगळा दोष तिच्या पदरात पडला असता आणि माझी वाटी, माझा शेवगा, माझं भरपूर दूध सगळं शाबूत राहिलं असतं. तिनं ते निमूट ऐकूनही घेतलं असतं. तिनं मान खाली घातलीच होती.

मी म्हटलं, "राहू दे त्याला. मला दूध नाही."

ते इतक्या बारीक आवाजात निघालं की ठकूबाईनं कानामागे हात धरला. "काय म्हनलीस?"

पोरं बोरं वेचायची थांबली होती. मला ते दुसऱ्यांदा बोलावं लागलं. "मला दूध नाही. आटलंय. दिवस गेलेत मला. तो दिवाळीपासून उपाशी आहे. पाज त्याला, सुशीला."

सुशीलानं माझ्याकडे बघितलं. मग तिनं बंडूवर पदर ओढला आणि तो पिऊ लागला. त्याच्या घुटक्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. कंपाउंडरीणबाई जरा वेळानं हलव्याच्या हाराचा दोरा चाचपत म्हणाल्या, "आमच्याकडे तर पहिल्यापासून डब्याचंच दूध आहे." आणि मग काही झालंच नाही असं दाखवत तीळगूळ वाटायला उठल्या.

मन मोकळं केलं की हलकं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. मला घरात जाऊन पांघरूण घेऊन पडावंसं वाटत होतं. तेवढ्यात ठकूबाई जायला निघाली. चरवी काखेला मारून माझ्याजवळ वाकली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "झाडाला घालायचीस त्ये म्हशीचं व्हतं. कवाचं म्हाईत हाय मला. आता प्वाराला घाल. आन् त्या शेवग्याचा पाला खा, म्हंजी पुढच्याला तरी उतरंल." आणि मग काही न झाल्यासारखी निघून गेली.

अंगावरचं तोडायची आमची युक्ती अशी साफ फसली. सुशीला कामावर गेली ती दोन्ही पोरं पितीच ठेवून. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला की ती कुंपणाच्या कडेनं पदर खोचून पळत यायची. मी तिची भाकरी वाढून ठेवायची. ती एका मांडीवर शकू, दुसऱ्या मांडीवर बंडू घेऊन, डाव्या हातात भाकरी धरून जेवायची. मला वाढायला काही उरलं नाही की मी तिच्या पायांना तेल लावायची. उन्हाळा लागेपर्यंत असं चाललं. आषाढात माझी बेबी झाली, आणि दूध आलं, भरपूर आलं. पण मी वाटी घेऊन शेवग्याकडे पुन्हा गेले नाही. तुळशीच्या कुंडीत घातलं.

सुशीला अजून बाटल्याच धुते, दोन दारं सोडून राहते. त्या दिवसांबद्दल आम्ही कधी बोलत नाही. शकू आणि बंडू एकमेकांची डोकी फोडतात, आणि आम्ही दोघी ज्याचं चुकलं असेल त्याला बडवतो, पोर कुणाचं ते न बघता. कधीतरी शकू मान वर करून माझ्याकडे बघते. तिला काय आठवणार, पण मी नजर वळवते.

शेवगा आता छपरावर गेला आहे. त्याच्या सावलीमुळे उन्हात बसायची जागा दर वर्षी सरकावी लागते. कुसुम त्याला पाठ टेकून बसते. गेले चार दिवस मी रोज ठरवते की आज तिच्याशी बोलायचं, आणि रोज मेथी निवडून, चुका निवडून, तांदूळ निवडून आत येते. परवा तिनं पोराला तेल लावायला बाहेर आणलं नाही. थंडी आहे म्हणाली. ऊन चांगलं कडक पडलं होतं.

आज मी पिठाचा डबा पुढे ओढला. बोंडलं काळं पडलं होतं. ते घेऊन, चुलीतली राख घेऊन मी मागच्या दारानं बाहेर आले. सगळ्या बसल्या होत्या. त्यांच्या मधून वाट काढत मी शेवग्यापाशी गेले आणि बुंध्याशी बसून ते घासू लागले. उन्हात ते चमकायला लागलं. कुसुमचे डोळे त्याच्यावरून हलत नव्हते.

"हे काय हो वहिनी?" तिनं विचारलं.

"बोंडलं. वरचं दूध पाजायचं. बंडूला पाजायचे मी." माझ्या कानांच्या पाळ्या पुन्हा तापल्या. पुढचं मी राखेकडे बघत म्हटलं.

"काय म्हणालात?" कुसुम पुढे सरकली.

मग मी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं, "मला दूध नव्हतं."